जर्मनीतल्या खासगी बिझनेस स्कूलची फी भरण्याआधी : एका वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर

सांगलीहून एका वडिलांनी प्रश्न विचारला आहे. त्यांचा मुलगा सव्वीस वर्षांचा मेकॅनिकल इंजिनिअर आहे, अंतिम गुण ६४ टक्के, आणि गेली तीन वर्षे तो चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत उत्पादन नियोजनाचे काम करतो. त्याला जर्मनीत जाऊन व्यवस्थापनाचे शिक्षण घ्यायचे आहे. चार सरकारी विद्यापीठांनी त्याचा अर्ज नाकारला. त्यानंतर पुण्यातल्या एका सल्लागाराने आठ दिवसांत बर्लिनमधल्या एका खासगी बिझनेस स्कूलचे प्रवेशपत्र आणून दिले. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि ‘शिष्यवृत्ती’ वजा करून एकूण फी २४,००० युरो आहे. घर तारण ठेवून चाळीस लाखांचे कर्ज काढावे का, आणि अशा पदवीला तिकडे किंमत असते का, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

मी स्वतः जर्मनीत शिकले, काही वर्षे तिथे नोकरी केली आणि आता पंधरा वर्षांपासून महाराष्ट्रातून तिकडे जाणाऱ्या मुलामुलींना मार्गदर्शन करते. आपले दोन्ही प्रश्न मी एकत्रच घेते, कारण पदवीची किंमत कळल्याशिवाय कर्जाचा हिशेब मांडता येत नाही.

प्रथम त्या चार नकारांविषयी, कारण ‘मुलगा कमी पडला म्हणून खासगीकडे जावे लागले’ असा आपला समज झालेला दिसतो आणि तो पूर्णपणे बरोबर नाही. जर्मनीत १.० ही सर्वोत्तम आणि ४.० ही उत्तीर्णतेची शेवटची श्रेणी असते. आपल्याकडचे गुण तिथल्या श्रेणीत बदलण्यासाठी ‘बव्हेरियन सूत्र’ वापरले जाते आणि उत्तीर्णतेची मर्यादा ४० धरली तर ६४ टक्क्यांचे त्यात २.८ होतात. ज्या अभ्यासक्रमांना २.५ किंवा त्याहून चांगली श्रेणी लागते तिथे हे कमी पडते, हे खरे. पण आपल्या मुलाची मुख्य अडचण दुसरीच असणार. सरकारी विद्यापीठांतील व्यवस्थापनाचे बहुतेक एमएस्सी अभ्यासक्रम पहिल्या पदवीला जोडून येणारे असतात, म्हणजे पहिल्या पदवीत हिशेबशास्त्र, अर्थशास्त्र, विपणन, संख्याशास्त्र अशा विषयांची ठरावीक श्रेयांके (क्रेडिट) घेतलेली असावी लागतात. अभियंत्याकडे ती नसतात. अशा ठिकाणी नव्वद टक्के मिळवलेल्या मेकॅनिकल इंजिनिअरचा अर्जसुद्धा छाननीतच बाजूला पडतो. सल्लागाराने हे आधी सांगायला हवे होते आणि चार अर्जांचे शुल्क वाचवायला हवे होते.

त्याच सरकारी व्यवस्थेत अभियंत्यांसाठी वेगळा मार्ग आहे. ‘विर्टशाफ्ट्सइंजेनिअरवेझन’ ही अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन यांची सांगड घालणारी शाखा जर्मनीत जुनी आणि प्रतिष्ठित आहे, आणि तिथल्या कारखानदारीत या पदवीधरांना व्यवस्थापनातल्या कोऱ्या पदवीधरापेक्षा अधिक मागणी असते. उत्पादन व्यवस्थापन, पुरवठा साखळी, लॉजिस्टिक्स या विषयांचे इंग्रजी माध्यमातले पदव्युत्तर अभ्यासक्रमही सरकारी विद्यापीठांत आणि हॉखशूलेंमध्ये, म्हणजे उपयोजित शिक्षणावर भर देणाऱ्या उच्चशिक्षण संस्थांमध्ये, आहेत. बहुतेक राज्यांत तिथे शिक्षणशुल्क नसते, फक्त दर सत्राला काही शे युरोंचे अंशदान असते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो घेते, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांना सत्रामागे ४,००० ते ६,००० युरो शुल्क सुरू केले आहे. ‘जर्मनीत सगळे फुकट’ हे वाक्य आता सरसकट लागू होत नाही. तरीही चाकणमधल्या तीन वर्षांच्या अनुभवाला सर्वांत जवळचा असलेला हा मार्ग आपल्या मुलाने अजून चोखाळलेलाच नाही, याची मला खंत वाटते.

आता खासगी संस्थांकडे येऊ. ‘खासगी’ हा शब्द आपल्याकडे संशयाने किंवा ऐटीने, अशा दोनच प्रकारे उच्चारला जातो. जर्मनीत या एका शब्दाखाली फार भिन्न दर्जाच्या संस्था येतात. लायप्झिशची एचएचएल १८९८ साली स्थापन झाली आणि जर्मनीच्या एकीकरणानंतर १९९२ मध्ये नव्याने उभी राहिली. १९८४ मध्ये स्थापन झालेली डब्ल्यूएचयू कोब्लेन्झजवळच्या फालेंडार या ऱ्हाइनकाठच्या छोट्या गावात आहे. बर्लिनची ईएसएमटी मोठ्या जर्मन कंपन्या आणि उद्योगसंघटनांनी मिळून २००२ मध्ये काढली आणि ती पूर्व जर्मनीच्या राज्यपरिषदेच्या जुन्या इमारतीत चालते. समाजवादी सत्तेच्या त्या दालनांमध्ये आज भांडवली बाजाराचे धडे दिले जातात. फ्रँकफुर्ट स्कूलचे नाव बँकिंग क्षेत्रात घेतले जाते. या संस्थांना संशोधनाचा आणि पीएचडी देण्याचा अधिकार आहे, त्यांच्या माजी विद्यार्थ्यांचे जाळे खरेखुरे आहे, आणि व्यवस्थापन सल्लागार कंपन्या, बँका व मोठे उद्योग तिथे भरतीसाठी येतात. मात्र तिथल्या पूर्णवेळ एमबीएची फी साधारण चाळीस ते पन्नास हजार युरोंच्या घरात जाते, आणि जीमॅट किंवा तत्सम परीक्षा, अनुभव, मुलाखत, शिफारसपत्रे असे सगळे सोपस्कार होतात. आठ दिवसांत प्रवेशपत्र तिथून येत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते. जर्मनीत एमबीए हा ‘नोकरीनंतरच्या पुढील शिक्षणा’चा प्रकार मानला जातो. त्याला किमान एक वर्षाचा अनुभव लागतो आणि सरकारी संस्थाही त्याची फी घेतात. मानहाइम विद्यापीठ सरकारी आहे, पण त्याच्या बिझनेस स्कूलचा एमबीए महाग आहे. बर्लिनची एचडब्ल्यूआर ही राज्य सरकारची हॉखशूले आहे आणि तीसुद्धा सशुल्क एमबीए चालवते. तेव्हा ‘पैसे मोजावे लागतात म्हणजे संस्था हलकी’ असा निष्कर्ष काढू नये. उलट, आपल्या मुलाकडे तीन वर्षांचा अनुभव आहे, म्हणून बर्लिनच हवे असेल तर सरकारी हॉखशूलेचा सशुल्क एमबीए हा पर्याय त्याने या खासगी प्रवेशपत्राच्या शेजारी ठेवून पाहिलाच पाहिजे.

वर उल्लेखलेल्या संस्था आणि आपल्याला प्रवेशपत्र देणारी संस्था यांच्यामध्ये मोठा पट्टा आहे. त्यात मन लावून शिकवणाऱ्या लहान हॉखशूले आहेत, देशभर डझनभर शहरांत शाखा असलेल्या मोठ्या संस्था आहेत, आणि केवळ परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर चालणाऱ्या, कार्यालयीन इमारतीचे दोन मजले भाड्याने घेऊन त्याला ‘कॅम्पस’ म्हणणाऱ्याही आहेत. नावावरून यातले काही ओळखता येत नाही. ‘स्कूल’, ‘अकॅडमी’, ‘कॉलेज’, ‘इन्स्टिट्यूट’ हे शब्द कोणीही लावू शकतो. ‘हॉखशूले’ आणि ‘विद्यापीठ’ या शब्दांना मात्र कायद्याचे संरक्षण आहे. म्हणून माहितीपुस्तिकेतल्या हसऱ्या चेहऱ्यांकडे न पाहता मी सर्वप्रथम एकच गोष्ट विचारते : पदवीच्या कागदावर कोणाचे नाव असणार?

हा प्रश्न साधा वाटतो, पण मी पाहिलेल्या पस्ताव्यांपैकी निम्मे इथूनच सुरू झाले. काही खासगी संस्थांना स्वतः पदवी देण्याचा अधिकारच नसतो. त्या जर्मनीत वर्ग भरवतात आणि पदवी दुसऱ्याच देशातल्या भागीदार विद्यापीठाची देतात. ते विद्यापीठ चांगलेही असू शकते. पण मग विद्यार्थ्याच्या हाती ‘जर्मन पदवी’ नसते, आणि पुढे नोकरी शोधण्यासाठीचा परवाना मागताना किंवा पदवीच्या मान्यतेची चौकशी होताना अडचण उभी राहू शकते. माझ्याकडे एक मुलगी पदवी घेऊन झाल्यावर सल्ल्याला आली होती. दोन वर्षे बर्लिनमध्ये राहून तिने प्रामाणिकपणे अभ्यास केला होता, आणि आपली पदवी जर्मन नाही हे तिला अखेरच्या सत्रात वर्गमित्राकडून कळले. प्रवेशाच्या कागदपत्रांत ते लिहिलेले होते. बाराव्या पानावर, बारीक अक्षरांत. तिचे पुढे ठीक झाले, पण त्यात एक वर्ष आणि वकिलाची फी गेली.

ही तपासणी आपल्याला सांगलीत बसून करता येते. संस्था ‘ष्टाटलिश आनएरकान्ट’, म्हणजे राज्य शासनाची मान्यता असलेली आहे का, ते जर्मन कुलगुरू परिषदेच्या ‘हॉखशूलकोंपास’ या संकेतस्थळावर दिसते. उच्चशिक्षण संस्थांची नोंद असलेल्या ‘अनाबिन’ या सरकारी माहितीकोशात पदवी देणाऱ्या संस्थेपुढे ‘एच प्लस’, म्हणजे संस्था मान्यताप्राप्त असल्याची खूण, आहे का ते पाहावे. परदेशी भागीदाराची पदवी असेल तर त्या भागीदाराचे नाव तिथे शोधावे. तिसरे, अभ्यासक्रमाला अधिस्वीकृती आहे का, हे जर्मन अधिस्वीकृती परिषदेच्या यादीत सापडते. ही अधिस्वीकृती सर्वसाधारणपणे आठ वर्षांसाठी असते, त्यामुळे तिची शेवटची तारीख मुलगा पदवीधर होईल त्यानंतरची आहे ना, हेही बघावे. ‘विसेनशाफ्ट्सराट’ या राष्ट्रीय विज्ञान परिषदेने संपूर्ण संस्थेला अधिस्वीकृती दिली असेल तर उत्तमच. एएसीएसबी, इक्विस, एएमबीए ही आंतरराष्ट्रीय मानांकने वरच्या फळीतल्या संस्थांकडे असतात. नसली म्हणून संस्था खोटी ठरत नाही, पण राज्यमान्यता नसेल तर पुढे वाचण्याचे कारण नाही.

दुसरी बाब प्रत्यक्ष हजेरीची, आणि ती अलीकडे फार महत्त्वाची झाली आहे. जर्मनीचा विद्यार्थी परवाना तिथे राहून पूर्णवेळ शिकण्यासाठी असतो. काही खासगी संस्थांचे अभ्यासक्रम मुळात दूरशिक्षणाचे असतात आणि आठवड्यातून एक-दोन दिवस वर्ग भरवून त्यांना ‘मिश्र’ असे गोंडस नाव दिले जाते. २०२५ मध्ये बर्लिनच्या परदेशी नागरिक कार्यालयाने अशा मिश्र अभ्यासक्रमाला प्रत्यक्ष शिक्षण मानायला नकार दिल्यामुळे एका मोठ्या खासगी संस्थेतल्या भारतीय विद्यार्थ्यांचे परवाने अडचणीत आले, आणि ज्यांनी वीस-वीस हजार युरो भरले होते त्यांच्यापैकी काहींवर देश सोडण्याची पाळी आली. तेव्हा संस्थेला लेखी विचारा : आठवड्याला किती तास वर्गात, कोणत्या पत्त्यावर, आणि दोन्ही वर्षे तसेच राहील का? उत्तर ‘काळजी करू नका’ असे आले तर काळजी करा.

आता सल्लागाराविषयी, थोडे स्पष्ट बोलावे लागेल. सरकारी जर्मन विद्यापीठे प्रवेशासाठी कोणत्याही मध्यस्थाला दलाली देत नाहीत. अनेक खासगी संस्था देतात, आणि ती फीच्या टक्केवारीत असते. ‘आमचा सल्ला मोफत’ असे पाटीवर लिहिणाऱ्याचे घर त्या टक्केवारीवरच चालते. त्यात बेकायदा काही नाही, पण चार चुकीचे अर्ज सरकारी विद्यापीठांत आणि पाचवा अचूक अर्ज खासगी संस्थेत, ही मालिका मी इतक्यांदा पाहिली आहे की तिला योगायोग म्हणायला जीभ रेटत नाही. तीच गोष्ट ‘शिष्यवृत्ती’ची. गुणवत्तेची चौकशी न करता आठ दिवसांत, आणि महिनाअखेरपर्यंत फी भरली तरच मिळणारी वीस टक्के सूट म्हणजे दिवाळीतला सेल आहे. तिला शिष्यवृत्ती म्हणणे हा विद्यार्थ्याचा गौरव नव्हे. राज्य शासनाच्या परदेशी शिष्यवृत्तीची आशाही इथे धरू नये, कारण ती जागतिक क्रमवारीत ठरावीक स्थानाच्या आत असलेल्या विद्यापीठांसाठी असते आणि केवळ व्यवस्थापन शिकवणाऱ्या छोट्या संस्था त्या सर्वसाधारण क्रमवारीत येतच नाहीत.

आता हिशेब मांडू. फी २४,००० युरो. व्हिसासाठी विद्यार्थ्याच्या नावाने जर्मन गोठवलेल्या खात्यात, म्हणजे श्पेरकॉन्टोत, एका वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. महिन्याला ९९२ युरो काढता येतात. हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा आहे आणि बर्लिनमध्ये तो कसाबसा पुरतो. दोन वर्षांचे २३,८०८ झाले. विमानभाडे, घराची अनामत, सुरुवातीचे सामान, एपीएस प्रमाणपत्राचे, म्हणजे भारतातली शैक्षणिक कागदपत्रे तपासून मिळणाऱ्या दाखल्याचे, १८,००० रुपये आणि व्हिसाचे ७५ युरो धरले तर एकूण पन्नास हजार युरोंच्या आसपास जाते, आणि युरो शंभर रुपयांचा धरला तर पन्नास लाख रुपये. आपण चाळीस लाखांचे कर्ज म्हणता, म्हणजे उरलेले दहा लाख साठवणीतून जाणार किंवा मुलाने तिथे कमवायचे आहेत.

तो कमावू शकेल का? १ मार्च २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, किंवा सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत. जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. आठवड्याला पूर्ण वीस तास मिळाले तर महिन्याला सुमारे १,२०० युरो होतात. पण पहिले सहा महिने जर्मन न येणाऱ्या मुलाला इतके तास क्वचितच मिळतात, आणि बर्लिनमध्ये त्याच गोदामाच्या आणि त्याच हॉटेलच्या कामासाठी रांगेत त्याच्यासारखे शेकडो असतात. या कमाईतून राहण्याखाण्याचा खर्च निघू शकतो. फी निघत नाही. ‘मुलगा काम करून फी भरेल’ असे जो सांगतो त्याने ती कधी भरलेली नसते.

कर्जफेडीकडे पाहू. चाळीस लाख रुपये साडेदहा टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे चोपन्न हजार रुपये येतो, आणि शिक्षणाच्या काळातले साठलेले व्याज धरले तर त्याहून अधिक. पदवीनंतर वर्षाला ४५,००० युरोंची नोकरी लागली तर अविवाहित माणसाच्या हाती कर आणि विमा कापून महिन्याला साधारण २,४०० ते २,५०० युरो येतात. भाडे, जेवण, प्रवास वजा करून काटकसरीने राहणारा मुलगा त्यातून सात-आठशे युरो बाजूला काढेल. म्हणजे हप्ता भरता येतो, पण दरमहा हातात फार काही उरत नाही. नोकरी वेळेवर लागली तर हे गणित जमते. ती एक वर्ष उशिरा लागली तर हप्ता आपल्या निवृत्तिवेतनावर येतो. आपण निवृत्तीच्या जवळ आहात असे आपण लिहिले आहे, म्हणून हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

म्हणजे सगळा भार नोकरी वेळेवर लागण्यावर आहे, आणि तिथे संस्थेच्या नावापेक्षा जर्मन भाषा अधिक काम करते. व्यवस्थापनाची कामे म्हणजे बोलण्याची, लिहिण्याची, समजावण्याची कामे. संगणकतज्ज्ञाला इंग्रजीवर नोकरी मिळते. खरेदी, विक्री, मनुष्यबळ, खर्च नियंत्रण या विभागांत इंग्रजीवर मिळणाऱ्या जागा थोड्या आणि त्यांच्यामागे लागणारे फार. जर्मनीची अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ ही सलग दोन वर्षे आकसली, वाहनउद्योगात नोकरकपात झाली, आणि दुसरीकडे भारतीय विद्यार्थ्यांची संख्या २०२४-२५ च्या हिवाळी सत्रात सुमारे ५९ हजारांवर गेली. परदेशी विद्यार्थ्यांत आपलाच गट आता सर्वांत मोठा आहे. इंग्रजी येते, पदवी आहे, एवढ्याने आता वेगळेपण उरत नाही. ज्यांना सहा महिन्यांत नोकरी लागली असे माझे विद्यार्थी मी आठवते तेव्हा त्यांच्यात दोन गोष्टी सारख्या दिसतात. जर्मन किमान बी-२ पर्यंत (ए-१ ते सी-२ या सहा पातळ्यांतली चौथी) आलेली होती, आणि शिकत असतानाच कुठल्यातरी कंपनीत त्यांनी ‘वेर्कष्टुडेंट’ म्हणून, म्हणजे अभ्यासाच्या क्षेत्रातच अर्धवेळ, काम केलेले होते. संस्था कोणती, हे त्यानंतर येते.

आपल्या भागातल्या मुलांना इथे एक सोय आहे जी देशात फार थोड्या ठिकाणी आहे. पुण्यात जर्मन शिकण्याची जुनी परंपरा आहे. मॅक्स म्युलर भवन आहे, विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागाचे वर्ग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये भरतात, आणि चाकणमध्ये राहणाऱ्याला शनिवार-रविवारचा वर्ग गाठता येतो. इथे बी-१ करून गेलेल्या मुलाचे तिथले पहिले वर्ष वाया जात नाही. ‘तिकडे गेल्यावर आपोआप येईल’ हा भ्रम आहे, विशेषतः बर्लिनमध्ये, जिथे दुकानदारही इंग्रजीत उत्तर देतो आणि खासगी संस्थेच्या वर्गात तीसपैकी वीस जण भारतीय असतात. अशा वर्गातून दोन वर्षांनी उत्तम हिंदी बोलणारी मराठी मुले बाहेर पडलेली मी पाहिली आहेत.

पदवीनंतरचे नियम मात्र उदार आहेत, आणि खासगी असो वा सरकारी, राज्यमान्य संस्थेच्या पदवीधराला ते सारखेच लागू होतात. नोकरी शोधण्यासाठी अठरा महिन्यांचा परवाना मिळतो आणि त्या काळात पूर्णवेळ कोणतेही काम करता येते. नव्या पदवीधरांसाठी ब्लू कार्डची, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्याची, किमान वेतनमर्यादा २०२६ साठी वर्षाला सुमारे ४५,९३४ युरो आहे. वेतन त्याहून थोडे कमी असले तरी पदवीशी जुळणाऱ्या नोकरीवर कुशल कामगाराचा वेगळा परवाना मिळू शकतो. जर्मनीत पदवी घेतलेल्याला अशी नोकरी, निवृत्तिवेतन निधीतले योगदान आणि बी-१ जर्मन असेल तर दोन वर्षांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. या सगळ्याचा पाया पुन्हा तोच : मान्य पदवी.

राहणीमानातले काही फरक माहितीपत्रकात नसतात. सरकारी विद्यापीठात भरलेल्या अंशदानातून विद्यार्थी सेवा संस्थेचे वसतिगृह, स्वस्त भोजनालय आणि बहुतेक ठिकाणी प्रवासाचा पास मिळतो. अनेक खासगी संस्था या व्यवस्थेत सामील नसतात, त्यामुळे मुलगा थेट खुल्या बाजारात खोली शोधतो, आणि बर्लिनमध्ये खोली शोधणे हे प्रवेश मिळवण्याहून अवघड आहे. आरोग्यविम्याचा विद्यार्थी दर तिसाव्या वर्षापर्यंतच मिळतो. आपला मुलगा सव्वीसचा आहे म्हणून तो सुटला, पण एमबीएला जाणाऱ्या अनेकांना हा फटका बसतो.

व्हिसाविषयी थोडक्यात. भारतीय पदवीधरांना १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्राशिवाय अर्ज करता येत नाही. उत्पादनात काम करणारा अभियंता एकदम व्यवस्थापनाकडे का वळतो आहे, हे त्याच्या हेतुपत्रात पटेल असे आले पाहिजे. कमी नावाच्या संस्था असतील तर वाणिज्य दूतावास हे अधिक बारकाईने पाहतो. व्हिसा नाकारला गेला तर फेरविचाराचा विनामूल्य अर्ज करण्याची जुनी सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. आता नव्याने अर्ज करणे किंवा बर्लिनच्या न्यायालयात जाणे एवढेच उरते. त्यामुळे फी परतीचे कलम हा करारातला सर्वांत महत्त्वाचा भाग झाला आहे. व्हिसा नाकारल्यास किती रक्कम परत मिळते, किती दिवसांत, ‘नोंदणी शुल्क’ म्हणून किती कापतात, आणि नकाराऐवजी नुसता उशीर झाला तर काय, हे चारही मुद्दे त्यात स्पष्ट असायला हवेत.

एक तांत्रिक गोष्ट आपल्या मुलाच्या फायद्याची आहे. त्याची पदवी चार वर्षांची आहे. जर्मन पद्धतीत पदवी आणि पदव्युत्तर मिळून तीनशे श्रेयांके धरली जातात, आणि चार वर्षांच्या पदवीधराला साठ किंवा नव्वद श्रेयांकांचा, म्हणजे एक ते दीड वर्षाचा अभ्यासक्रम अनेक ठिकाणी पुरतो. तीन वर्षांच्या बीकॉमवाल्याला ही मुभा सहसा नसते. दोन वर्षांऐवजी सव्वा वर्षात पदवी झाली तर नुसत्या राहण्याच्या खर्चात आठ-नऊ हजार युरो वाचतात. अर्थात मग भाषा इथूनच शिकून जावी लागेल, कारण तिथे तिला वेळ उरणार नाही.

तर माझे मत असे. या प्रवेशपत्रासाठी घर तारण ठेवू नये. संस्था खासगी आहे हे त्याचे कारण नव्हे; मुलाच्या अनुभवाला अधिक जवळचे, कमी खर्चाचे मार्ग अजून पाहिलेलेच नाहीत आणि त्याचे जर्मन शून्य आहे, ही दोन कारणे आहेत. त्याने चाकणची नोकरी सोडू नये, या वर्षी बी-१ पूर्ण करावे, एपीएस काढून ठेवावे, आणि पुढच्या हिवाळी सत्रासाठी औद्योगिक व्यवस्थापन व लॉजिस्टिक्सच्या सरकारी अभ्यासक्रमांना सहा-सात नेमके अर्ज करावेत. सोबत एखाद्या सरकारी हॉखशूलेचा सशुल्क एमबीए ठेवावा, आणि त्याची इच्छा व जीमॅटची तयारी असेल तर वरच्या फळीतल्या एका खासगी संस्थेचाही अर्ज करावा. तिथे खरी शिष्यवृत्ती मिळाली तर कर्जाचा विचार पुन्हा करता येईल, कारण त्या फीबरोबर भरती करणाऱ्या कंपन्याही दारात येतात.

सल्लागार प्रवेशपत्राच्या मुदतीची घाई करत असेल तर संस्थेच्या प्रवेश विभागाला मुलाने स्वतः, स्वतःच्या ईमेलवरून, प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलण्याची विनंती करावी आणि त्याच पत्रात पदवी देणाऱ्या संस्थेचे नाव, वर्गातले साप्ताहिक तास आणि फी परतीचे नियम विचारावेत. उत्तर आले की करारासकट मला पाठवा. करार जर्मनमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतरावर भिस्त न ठेवता मूळ प्रतच पाठवा. परतीचे कलम मी वाचून सांगेन.